यंत्राची साक्ष आणि तक्रारीचा रकाना

हिशेबात तूट आली की चूक कोणाची, हा प्रश्न हिशेब लिहिण्याइतकाच जुना आहे. किर्दीतली शिल्लक आणि पेटीतली रोकड यांचा मेळ बसला नाही, तर शक्यता तीनच असतात. कोणीतरी पैसे उचलले, कोणीतरी मोजताना चुकले, किंवा लिहिण्यातच चूक झाली. लिहिणारा माणूस होता तोवर तपास या तिन्ही दिशांनी होत असे. लिहिण्याचे काम यंत्राकडे गेले आणि तिसरी शक्यता कोणी जाहीर न करताच यादीतून वगळली गेली. तसे झाल्यावर काय घडते, याचे सविस्तर, शपथेवरच्या साक्षींनी भरलेले उदाहरण ब्रिटनच्या पोस्टखात्याने जगापुढे ठेवले आहे. 1999 ते 2015 या काळात तेथे नऊशेहून अधिक माणसे चोरी, अपहार, खोटे हिशेब अशा आरोपांखाली दोषी ठरली. पुराव्याच्या केंद्रस्थानी होती ‘होरायझन’ नावाच्या संगणक प्रणालीने दाखवलेली तूट.

माझ्याकडे ना कायद्याची पदवी आहे, ना संगणकाची. पण या प्रकरणातली निकालपत्रे आणि चौकशीसमोरच्या साक्षी सर्वांना वाचायला खुल्या आहेत. त्या वाचताना मला सारखे वाटत राहिले की ही गोष्ट मुळात संगणकाची नाहीच. एखाद्या व्यवस्थेत ‘मला हे मान्य नाही’ असे लिहायला जागा आहे की नाही, याची ती गोष्ट आहे. म्हणूनच ती आपल्यालाही लागू पडते.

दुकान, करार आणि यंत्र

आपल्याकडचा पोस्टमास्तर सरकारी नोकर असतो. ब्रिटनमधील बहुतेक शाखा मात्र ‘सबपोस्टमास्तर’ चालवतात, आणि ते नोकर नसतात. गावातले एखादे किराणा किंवा वर्तमानपत्रांचे दुकान घ्यायचे, त्यात पोस्टाचा काउंटर चालवायचा, निवृत्तिवेतन वाटायचे, तिकिटे विकायची, बिले घ्यायची आणि त्याबद्दल पोस्टाकडून मोबदला घ्यायचा, अशी ही पद्धत. दुकानासाठी बहुतेकांनी आयुष्यभराची बचत घातलेली किंवा कर्ज काढलेले असे. भारतीय उपखंडातून तेथे गेलेल्या अनेक कुटुंबांनी हा व्यवसाय निवडला होता. करारात एक कलम होते: निष्काळजीपणाने किंवा चुकीने झालेले नुकसान सबपोस्टमास्तरने भरून द्यायचे. व्यवहारात त्याचा अर्थ इतकाच उरला की तूट दिसली, भरा.

होरायझनचा जन्मही सरळ नव्हता. 1996 मध्ये सरकारी भत्ते कार्डावरून देण्याच्या योजनेसाठी आयसीएल या कंपनीला कंत्राट मिळाले. ही कंपनी फुजित्सूच्या मालकीची. मे 1999 मध्ये सरकारने कार्डाची योजना गुंडाळली. उरलेली प्रणाली पोस्टाच्या काउंटरवरचा जमाखर्च लिहिण्यासाठी पुढे रेटली गेली आणि हजारो शाखांत बसवण्यात आली. राजकीय निर्णय, वाया जाऊ पाहणारा खर्च आणि अर्धवट उद्देशाचे यंत्र असे तिघे एकत्र आले, की ते यंत्र यशस्वी झाले असे म्हणण्याची गरज सर्वांनाच असते.

यंत्र चुकत कसे होते, हे समजायला अवघड नाही. स्कॉटलंडमधील फॉल्कर्क येथील कॅलेंडर स्क्वेअर शाखेच्या नावाने ओळखला जाणारा दोष पाहा. एका काउंटरवरून दुसऱ्यावर रक्कम वर्ग केली की कधी कधी दुसऱ्या काउंटरला ती नोंद दिसतच नसे. माणूस पुन्हा वर्ग करी, आणि व्यवहार दोनदा मोजला जाई. 2015 मध्ये डॅलमेलिंग्टन शाखेच्या नावाचा दोष पुढे आला. आठ हजार पौंडांची रोकड जमा करताना पडदा अडकला, चालकाने बटण पुन्हा पुन्हा दाबले आणि यंत्राने आठ हजारांचे बत्तीस हजार करून ठेवले. पेटीत रोकड होती तेवढीच. पण हिशेबात चोवीस हजारांची तूट उभी राहिली.

याहून गंभीर गोष्ट अशी, की फुजित्सूचे तंत्रज्ञ दूर बसून शाखेच्या नोंदींत बदल करू शकत होते. असे होऊच शकत नाही, ही पोस्टाची अनेक वर्षांची ठाम भूमिका होती. 2015 मध्ये कंपनीच्या एका माजी तंत्रज्ञाने बीबीसीच्या कार्यक्रमात त्याच्या उलट सांगितले, आणि पुढे न्यायालयातही ते सिद्ध झाले. ज्या वहीत दुसरा कोणी तुमच्या नकळत लिहू शकतो, त्या वहीखाली तुमची सही मागितली जात होती.

सही कर, नाहीतर दुकान बंद

निरपराध माणसे गुन्हा कबूल का करतात, असा प्रश्न या प्रकरणात हमखास विचारला जातो. त्याचे उत्तर कामाच्या रोजच्या रीतीत आहे.

ठरावीक मुदतीने शाखेचा ताळा घालायचा आणि तो बरोबर असल्याचे जाहीर करायचे. तसे जाहीर केल्याशिवाय पुढच्या मुदतीचे व्यवहार सुरू होत नसत. सुरुवातीला होरायझनमध्ये उचंत खात्याची सोय होती. पटत नसलेली रक्कम तेथे बाजूला टाकून चौकशी होईपर्यंत थांबता येई. 2005 मध्ये शाखांसाठीची ही सोय काढून टाकण्यात आली. मग पर्याय उरले दोन. तूट स्वतःच्या खिशातून भरायची, किंवा ती मुख्य कार्यालयाकडे आपल्या नावे देणे म्हणून मान्य करायची. ‘ही तूट मला मान्य नाही’ असा तिसरा पर्याय पडद्यावर नव्हता. जो पर्याय पडद्यावर नसतो, तो काही काळाने जगातही नसतो.

मदतीसाठी दूरध्वनी केंद्र होते. हॅम्पशायरमधील साउथ वॉर्नबरो या लहान गावच्या जो हॅमिल्टन यांनी दोन हजार पौंडांची तूट दिसल्यावर तेथे फोन केला. सांगितले तसे केले आणि डोळ्यांदेखत तूट चार हजार झाली. अनेकांना या केंद्रातून एकच उत्तर मिळाले: असा त्रास फक्त तुम्हालाच होतो आहे. देशभर विखुरलेल्या, एकमेकांना न ओळखणाऱ्या शेकडो माणसांना एकाच वेळी ‘तुम्ही एकटेच’ असे सांगितले जात होते. या एका वाक्याने जेवढे नुकसान केले तेवढे यंत्रातल्या दोषानेही केले नसेल.

मग माणसे काय करीत? पहिल्या महिन्यात बचतीतून भरत, नंतर नातेवाइकांकडून उसने घेत, घर गहाण टाकत. तेही संपले की हिशेब जुळला आहे असे जाहीर करून पुढच्या महिन्यात चूक सापडेल अशी आशा करीत. ही खोटी घोषणा कायद्याने गुन्हा होती. लेखापरीक्षक आले की ती सापडे. चोरीच्या आरोपात तुरुंगाची भीती असल्याने, खोट्या हिशेबाचा आरोप कबूल केला तर चोरीचा आरोप मागे घेऊ, असा सौदा पुढे येई. हॅमिल्टन यांनी असाच कबुलीजबाब दिला आणि रक्कम भरण्यासाठी गावकऱ्यांनी त्यांना मदत केली. या कबुल्या नंतर आकडेवारीत जमा होत आणि यंत्र बरोबर असल्याचा आणखी एक पुरावा बनत.

आरोप ठेवणारे कोण, हेही महत्त्वाचे. इंग्लंड-वेल्समध्ये कोणालाही खासगी फिर्याद चालवता येते, आणि सुमारे सातशे खटले पोस्टाने स्वतःच चालवले. म्हणजे नुकसान झाल्याचा दावा करणारे, तपास करणारे, पुरावा हाती असणारे आणि खटला भरणारे एकच. शिवाय या संस्थेची मालकी सरकारकडे. तपासनिसांच्या नजरेचा एक नमुना 2023 मध्ये उजेडात आला. संशयितांची नोंद करण्याच्या त्यांच्या एका कागदात वंशांची वर्गवारी वसाहतकालीन शब्दांत केलेली होती.

कायद्याने सोडलेली वाट

हे सारे न्यायालयात टिकले कसे? येथे कायद्याच्या इतिहासातला एक योगायोग पाहावा लागतो.

1984 च्या ब्रिटिश पोलीस व फौजदारी पुरावा कायद्यात कलम 69 होते. संगणकाने दिलेला कागद पुरावा म्हणून आणायचा, तर तो संगणक त्या काळात नीट चालत होता हे आणणाऱ्याने दाखवायचे. सरकारी वकिलांना हे जाचक वाटे. 1997 मध्ये तेथील विधी आयोगाने हे कलम रद्द करण्याची शिफारस केली. आयोगाचा तर्क असा होता: संगणकाच्या बहुतेक चुका एकतर लगेच दिसून येतात, नाहीतर त्या माहिती भरणाऱ्याच्या असतात. 1999 च्या कायद्याने कलम 69 गेले आणि 2000 च्या एप्रिलपासून जुने गृहीतक पुन्हा लागू झाले: उलट काही दिसत नसेल, तर यंत्र नीट चालत होते असे धरावे.

वाहतुकीच्या दिव्याला किंवा श्वासातले मद्य मोजणाऱ्या यंत्राला हे गृहीतक कदाचित चालेल. दिवा बिघडला तर चौकातल्या सगळ्यांना दिसतो. पण हजारो शाखांना जोडणाऱ्या प्रणालीत आयोगाने न पाहिलेला तिसरा प्रकार असतो, लगेच न दिसणारी आणि माहिती भरणाऱ्याची नसलेली चूक. होरायझन शाखाशाखांत पोहोचत होते त्याच सुमारास त्याच्यावर शंका घेण्याची कायदेशीर वाट बंद झाली. आरोपीने यंत्र चुकले हे दाखवायचे, तर त्याला दोषांच्या नोंदी हव्यात. त्या नोंदी फिर्यादीच्या ताब्यात, आणि नेमके काय हवे ते सांगितल्याशिवाय त्या मिळत नाहीत. आत काय आहे हे माहीत नसलेल्या माणसाने ते नेमके कसे सांगावे?

सरे परगण्यातील वेस्ट बायफ्लीट शाखेच्या सीमा मिश्रा या भारतीय वंशाच्या सबपोस्टमास्तरांचा खटला या कोंडीचे उदाहरण आहे. त्यांच्या बाजूने संगणकतज्ज्ञ उभा होता, माहितीची मागणी वारंवार झाली होती. तरीही ऑक्टोबर 2010 मध्ये ज्यूरीने त्यांना सुमारे 74 हजार पौंडांच्या चोरीबद्दल दोषी ठरवले. 11 नोव्हेंबरला त्यांना पंधरा महिन्यांची शिक्षा झाली. तेव्हा त्या गरोदर होत्या आणि तो त्यांच्या मुलाचा दहावा वाढदिवस होता. ब्रिडलिंग्टनचे ली कॅसलटन यांच्यावर तर फौजदारी खटलाही नव्हता. सुमारे पंचवीस हजारांच्या तुटीचा दिवाणी दावा त्यांनी वकिलाशिवाय लढवला. 2007 मध्ये हरल्यावर पोस्टाचा तीन लाख एकवीस हजार पौंडांचा खर्च त्यांच्या माथी आला आणि त्यांचे दिवाळे निघाले.

वाट उघडली ती माणसे एकमेकांना सापडल्यावर. वेल्समधील लॅंडडनो येथील अ‍ॅलन बेट्स यांनी तूट मान्य करायला नकार दिल्याने 2003 मध्ये शाखा गमावली होती. 2009 च्या मे महिन्यात ‘कॉम्प्युटर वीकली’ या नियतकालिकाने सात जणांच्या कहाण्या एकत्र छापल्या. त्याच वर्षी बेट्स यांनी पीडितांची संघटना उभारली. पुढे 555 जणांनी मिळून दावा लावला. 16 डिसेंबर 2019 च्या निकालात न्या. फ्रेझर यांनी होरायझनची जुनी आवृत्ती विश्वासार्ह नव्हती असे ठरवले आणि दोष नाकारण्याच्या पोस्टाच्या पवित्र्याची तुलना पृथ्वी सपाट आहे असे म्हणत राहण्याशी केली. तडजोडीचे पावणेअठ्ठावन्न दशलक्ष पौंड मिळाले खरे, पण दाव्याचा खर्च वजा जाता प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी वीसेक हजारच आले. एप्रिल 2021 मध्ये अपील न्यायालयाने हॅमिल्टन, मिश्रा यांच्यासह 39 जणांच्या शिक्षा रद्द केल्या.

उरलेल्या शेकडो जणांसाठी मात्र जानेवारी 2024 मध्ये दूरचित्रवाणीवर एक मालिका यावी लागली. लोकक्षोभ उसळला आणि मे 2024 मध्ये संसदेने कायदाच करून शिक्षा एकगठ्ठा रद्द केल्या. न्यायालयाचे निकाल संसदेने पुसण्याचा हा पायंडा धोकादायक आहे. पण तो टाळायला तेथील व्यवस्थेला पंधरा वर्षे मिळाली होती. सर विन विल्यम्स यांच्या चौकशीचा पहिला खंड जुलै 2025 मध्ये आला. या प्रकरणापायी किमान तेरा जणांनी आयुष्य संपवले असावे, असे त्यात नमूद आहे.

जालन्यापासून सातबाऱ्यापर्यंत

आपण या बाबतीत अधिक सावध होतो, असे म्हणायला जागा आहे. 2000 च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने आपल्या पुरावा कायद्यात कलम 65-ब आले. संगणक नियमित वापरात होता आणि नीट चालत होता, या त्यातल्या अटी ब्रिटनच्या 1968 च्या दिवाणी पुरावा कायद्यावरून घेतलेल्या. गंमत अशी की ब्रिटनने ते कलम 1995 मध्येच मोडीत काढले होते. त्यांनी टाकलेली वस्तू आपण उचलली आणि ती उपयोगी निघाली.

या कलमावरचा सर्वोच्च न्यायालयाचा महत्त्वाचा निकाल जालन्याचा आहे. 2014 च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर यांनी कैलास गोरंट्याल यांचा 296 मतांनी पराभव केला. खोतकरांचा उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर घेतला गेला का, हा वाद, आणि पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या दालनातले चित्रीकरण. त्यासोबत लागणारे प्रमाणपत्र वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी दिले नाही. जुलै 2020 मध्ये न्यायालयाने सांगितले की प्रमाणपत्र आवश्यकच आहे, मात्र सर्व प्रयत्न करूनही ज्याला ते मिळत नाही त्याला अशक्य गोष्टीची सक्ती करता येणार नाही. यंत्र ज्याच्या ताब्यात आहे तोच कागद देत नसेल तर दुसऱ्याने काय करावे, हा ब्रिटनमध्ये न सुटलेला प्रश्न येथे निदान विचारला तरी गेला.

आता 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात कलम 63 आहे. प्रमाणपत्राचे दोन भाग झाले आहेत, एक सादर करणाऱ्याचा आणि एक तज्ज्ञाचा. फाइलचे ‘हॅश’ मूल्यही द्यावे लागते. हॅश म्हणजे फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा. एक अक्षर बदलले तरी ठसा बदलतो. त्यामुळे फाइलमध्ये नंतर फेरफार झाला नाही हे कळते. येथेच सावध राहायला हवे. ठसा सांगतो की ही तीच फाइल आहे. फाइलमधला आकडा खरा आहे, हे तो सांगत नाही. डॅलमेलिंग्टनच्या बत्तीस हजारांचा हॅश काढला असता तर तो निर्दोष निघाला असता. प्रमाणपत्र नकलेची हमी देते, हिशेबाची नव्हे. हा फरक वकिलांना आणि न्यायाधीशांना रोज आठवायला हवा.

पण बहुतेक माणसांचा यंत्राशी संबंध न्यायालयात येतच नाही, तो काउंटरवर येतो. डिसेंबर 2017 मध्ये सुरू झालेल्या ‘दर्पण’ योजनेने सुमारे एक लाख एकोणतीस हजार ग्रामीण डाकघरांत हातातली यंत्रे नेली. रेशन दुकानात अंगठा घेणारे यंत्र आहे. या यंत्रांनी कामे सोपी केली आहेत, यात वाद नाही. माझा प्रश्न फक्त एवढाच आहे, की यंत्राने दाखवलेला आकडा आणि समोरची वस्तुस्थिती जुळली नाही तर समोरच्या माणसाने ते कुठे लिहायचे?

याचे उत्तर आपल्या जुन्या महसुली दप्तरात आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम 157 म्हणते की अधिकार अभिलेखातली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानावी. म्हणजे सातबाऱ्यालाही होरायझनसारखेच गृहीतक लाभले आहे. पण ते गृहीतक फुकट मिळालेले नाही. आधी गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत नोंद होते. संबंधितांना नोटीस जाते. हरकत आली तर ती गाव नमुना सहा-अ मध्ये, विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत लिहिली जाते. सुनावणी होते आणि मगच नोंद प्रमाणित होते. व्यवहारात या वाटेवर किती चिरीमिरी आणि किती खेपा असतात हे महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला शिकवायला नको. तरीही रचना पाहा. नोंद खरी मानण्याचा हक्क सरकारने मिळवला, तो आधी हरकतीला वही देऊन. सहा-अ नसता तर 157 हा जुलूम ठरला असता.

होरायझनने 2005 मध्ये नेमका आपला ‘सहा-अ’ काढून टाकला आणि ‘157’ मात्र ठेवला.

म्हणून कोणतीही नवी प्रणाली आली की तिचा वेग आणि तिची किंमत याआधी चार गोष्टी विचाराव्यात असे मला वाटते. आकडा अमान्य असल्याची नोंद करायला पडद्यावर जागा आहे का? ती नोंद झाल्यावर वसुली थांबते का? आजवर सापडलेल्या दोषांची यादी वापरणाऱ्याला पाहता येते का? आणि माझ्या नावाच्या नोंदीत माझ्याशिवाय कोणी हात घातला, तर त्याचा माग राहतो का? यांतल्या एकाही प्रश्नाला संगणकशास्त्र लागत नाही. सरपंचाला, पतसंस्थेच्या सभासदाला, कामगार संघटनेच्या प्रतिनिधीला ते विचारता येतात, आणि निविदेत अटी म्हणून घालताही येतात.

ब्रिटनमध्ये यंत्र नीट असल्याचे ते गृहीतक बदलावे का, याविषयी तेथील न्याय मंत्रालयाने जानेवारी 2025 मध्ये मते मागवली. कलम 69 जाऊन तोवर पाव शतक झाले होते. चुकणारे यंत्र दुरुस्त करायला काही आठवडे पुरतात. चुकलेच नाही असे म्हणणारी संस्था दुरुस्त करायला मात्र माणसांची उमेदीची वर्षे खर्ची पडतात, आणि ती वर्षे कोणत्याही उचंत खात्यातून परत मिळत नाहीत.